लाल चिंधीचा पंप

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा आणि जरा लांब बसा. मी एक जुना फवारणी पंप आहे. रंग पिवळा, पाठीवर घ्यायला दोन पट्टे, बाजूला हापसायचा दांडा, आणि पोटात असा वास की माशीसुद्धा विचार करून बसते. माझ्या पोटाला बोट जाईल एवढं भोक आहे. ते झिजून पडलेलं नाही. एका बाईनं भर अंगणात, सगळ्यांच्या देखत, तापलेल्या सळईनं पाडलंय. का पाडलं ते सांगतो. कान देऊन ऐका, कारण तुम्ही जे जेवता त्याच्याशी या भोकाचा संबंध आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं आणि मी झालो. लगेच त्याच साच्यातून माझा भाऊ निघाला. तोच रंग, तोच दांडा, तेच झाकण. अकोल्याच्या एका कृषी केंद्रात आम्ही शेजारी शेजारी लटकत होतो. एके दिवशी बार्शीटाकळीकडचे दोन शेतकरी एकाच मोटारसायकलवर आले. एक खुशालराव, दुसरे गुलाम नबी. दोघांची वावरं, म्हणजे शेतं, धुऱ्याला धुरा लागून, बांधाला बांध. खुशालरावांनी मला उचललं, गुलाम नबींनी माझ्या भावाला. त्याच मोटारसायकलवर आम्ही दोघं एकाच गावात गेलो.

पण नशीब बघा कसं असतं! भावाच्या वाट्याला आलं पाणी, माझ्या वाट्याला आलं विष.

खुशालरावांचं कपाशीचं वावर. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, गुडघ्याएवढी झाली की मावा, तुडतुडे, मग बोंडअळी. माझ्या पोटात औषध ओतायचं आणि खुशालरावांनी मला पाठीवर घेऊन तासामागून तास चालायचं. औषध म्हणायचं आपलं. बाटलीवर कवटीचं चित्र असतं त्याला औषध कोण म्हणतं? पण गावात सगळे तेच म्हणतात. मी काम चोख करायचो हो. कपाशी हिरवीगार दिसली की खुशालराव माझ्या पाठीवर थाप मारायचे, “पंप काय हाय गा, नुसता वाघ हाय!” मग मीही फुगायचो.

माझा भाऊ गेला गुलाम नबींच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये. हे शेड वावराच्या कडेला, लांबलचक, बाजूंना जाळी, वर पत्रे, पत्र्यांवर उन्हासाठी वाळक्या पऱ्हाट्या रचलेल्या. ते सांभाळायची गुलाम नबींची बायको नईमा. कंपनीची गाडी यायची आणि खोक्यांतून पिल्लं उतरायची, कालच अंड्यातून निघालेली, पिवळीधमक. नईमा तुसाच्या गादीवर त्यांना सोडायची, एकेकाची चोच पाण्यात बुडवून पाणी प्यायला शिकवायची, थंडीत शेगडीची ऊब द्यायची. मका आणि सोयाबीनची ढेप, म्हणजे पेंड, खाऊन पिल्लं भराभर वाढायची. सव्वा महिना झाला की तीच कंपनी भल्या पहाटे गाडी भरून पक्षी घेऊन जायची. अकोल्याला, अमरावतीला, कुठं कुठं.

शहरातल्या माणसाला काय दिसतं? दुकानातला पिंजरा आणि लाकडी ठोकळा. त्याला वाटतं कोंबडी तिथंच उगवते. अरे, त्या ठोकळ्याच्या मागं शेड असतं, शेडच्या मागं मक्याचं आणि सोयाबीनचं वावर असतं आणि या सगळ्यात एक नईमा असते. बकरीचंही तसंच. मी ज्या पऱ्हाटीवर फवारतो तिच्या सरकीची ढेप बकऱ्या आणि म्हशी खातात. मांस असो की दूध, ते वावरातूनच चालत येतं. त्या वावरात मी असतो, म्हणून बोलतोय.

भाऊ शेडमध्ये साधं पाणी शिंपडायचा, गोणपाटाचे पडदे ओले ठेवायचा. संध्याकाळी धुऱ्यावर आमची भेट व्हायची तेव्हा त्याच्या अंगाला पिल्लांचं मऊ पीस चिकटलेलं असायचं. मला फार हेवा वाटायचा. मलाही एकदा त्या शेडमध्ये जायचं होतं. माझ्या तोंडातून निघालेल्या पाण्यानं एखादा जीव सुखावलेला मला बघायचा होता.

पण माझ्या पट्ट्याला होती लाल चिंधी.

ती कशी आली ते सांगतो. पहिल्याच वर्षी खुशालरावांनी फवारणी झाल्यावर मला बकऱ्यांच्या टाक्याजवळ खंगाळलं. थोडं पाणी टाक्यात उडालं. खुशालरावांची बायको मैनाबाई, तिची एक लाडकी बकरी होती, दोन पाटींची, म्हणजे करडांची, आई. ती त्या टाक्याचं पाणी प्यायली. तोंडाला फेस आला, पाय ताठ झाले, डॉक्टर येईपर्यंत खेळ खलास. दोन्ही पाटी तिच्या अंगाला ढुशा देत राहिल्या. मैनाबाई रडली नाही. घरात गेली, जुन्या लाल लुगड्याचा काठ टरकन फाडला आणि माझ्या पट्ट्याला गाठ मारली. म्हणाली, “लाल चिंधी ज्याच्या गळ्यात, तो जनावराजवळ जायचा नाही. ना टाक्यापाशी, ना कोठ्यात, ना नईमाच्या शेडात. आयकलं?”

सगळ्या गावानं ऐकलं. बघता बघता गावभर विषाच्या पंपांना लाल चिंध्या बांधायची चालच पडली. नईमा शेडमध्ये येणाऱ्याला आधी विचारायची, चिंधीचा की बिनचिंधीचा? सगळे त्या चिंधीवर विसंबले. मी मात्र मनातल्या मनात कुढत असायचो. वाटायचं, ही बला कधी एकदाची सुटेल.

ती सुटली या उन्हाळ्यात.

माझा पट्टा कुजला होता. खुशालरावांनी हंगामाआधी मला साबणाच्या चुऱ्यानं घासलं, जुना पट्टा कापून उकिरड्यावर फेकला, नवाकोरा काळा पट्टा लावला आणि “आता काय, धुतला हाय” म्हणत मला कोठ्यातल्या खुंटीवर टांगलं. कोठा म्हणजे आमच्याकडे गुरांचा गोठा. पट्ट्याबरोबर चिंधीही गेली हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. अंग घासलं खरं, पण नळीच्या आत आणि दांड्याखालच्या नळकांड्यात मागच्या वर्षीचं विष गाळासारखं बसलेलं होतं. तिथं कुणाचा हात पोचतो?

त्याच्या आदल्याच दिवशी मैनाबाईनं नईमाकडून माझा भाऊ मागून आणला होता. कोठ्याच्या भिंतींना त्यानं चुना फवारला, मग त्याला पुसूनबिसून कोठ्यामागं सावलीत उलटा वाळत ठेवला. आता सांगा, दोन पिवळे पंप, दोन्ही चकाचक, दोन्ही बिनचिंधीचे. एक खुंटीवर, एक भिंतीमागं. तेव्हाच मला धस्स झालं होतं. पण माझं ऐकतो कोण?

मला टांगलं त्याच्या दुसऱ्या दिवशी खुशालराव लग्नाला पातूरला गेले. आणि दुपारी आमच्या भागातली डीपी, म्हणजे विजेची पेटी, उडाली.

अकोल्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर सांगून कळणार नाही. पत्र्याकडे नुसतं बघितलं तरी डोळे पोळतात. नईमाच्या शेडमध्ये पूर्ण वाढलेले पक्षी होते, गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती. अशा पक्ष्यांना घाम येत नाही बरं का. ते चोच उघडून धापा टाकतात, तेवढीच त्यांची वाट. पंखे आणि पाण्याचे फवारे चालू होते तोवर ठीक होतं. लाईन गेली आणि सगळं एकदम गप्प झालं. मग शेडमधून नुसता धापांचा आवाज यायला लागला.

गुलाम नबी बार्शीटाकळीला गेलेले. नईमाचा फोनवरचा ओरडा मला कोठ्यापर्यंत ऐकू आला. “अजी, लाईन गई! पक्षी मरने लगे! बरफ लेके आव, जल्दी!” आणि ती तशीच धुरा ओलांडून धावत आली.

“काकी! माहा पंप दे वं काकी! पक्षी तडफून राहिले!”

मैनाबाई भाकरी टाकून उठली. कोठ्यात शिरली. खुंटीवर मी दिसलो. तिनं माझा पट्टा धरला, उलटा केला, सुलटा केला. चिंधी नव्हती.

“हा पाह्य, हाच तुहा. पळ!”

मित्रांनो, मी दगडाचा असतो तर फुटलो असतो. अगं बाई, झाकण उघड! वास घे! भावाला तू स्वतः मागं ठेवलाय ना? पण ती घाईत होती आणि नईमा तिच्याहून घाईत. तिनं मला पाठीवर टाकलं आणि धावत सुटली.

शेडजवळच्या टाक्यावर तिनं मला भरलं. गार पाणी पोटात आलं आणि आतलं विष हळूहळू सुटायला लागलं. मला ते कळत होतं. नईमाला कळत नव्हतं, कारण शेडमधल्या उग्र वासासाठी तिनं ओढणी नाकातोंडावर घट्ट बांधली होती. दार उघडलं. इतकी वर्षं ज्या दाराची आस धरली होती त्या दारातून मी आत गेलो. पांढरेशुभ्र पक्षी, पंख पसरलेले, चोची उघड्या, माना लांब. काही आडवे पडलेले. दाराजवळचा एक पक्षी नईमाकडे बघत उठायची धडपड करत होता. त्याला वाटलं असेल, पाणी आलं.

नईमानं दांडा हापसला. मी सगळा जोर लावून आत धरून ठेवायला बघत होतो, पण पंपाच्या हातात काय असतं? एक बारीकशी चिळकांडी सुटली, दाराजवळच्या कोपऱ्यात पडली. आणि तेवढ्यात तो जुना गाळ नळीतून पुढं सरकला आणि टोकाच्या नोझलच्या बारीक भोकात अडकला. फवारा बंद!

देवा, मला काय आनंद झाला! आयुष्यात पहिल्यांदा मी बिघडलो आणि मला आनंद झाला. वाटलं, आता ती चिडेल, मला फेकून देईल, बादलीनं पाणी मारेल.

पण नईमा कपाशीच्या मुलखातली बाई. नोझल तुंबलं की आमच्याकडे काय करतात? खुशालराव करायचे, गावातले सगळे करतात. नोझल काढायचं, ओठाला लावायचं आणि फुंकर मारायची. तिनं नोझल फिरवून काढलं. ओढणी खाली ओढली.

नको. नको, नईमा. पिल्लांची चोच पाण्यात बुडवून त्यांना प्यायला शिकवतेस, तू हे तोंडात घेऊ नकोस. मी मनातल्या मनात किंचाळत होतो. माझ्या अंगातलं सगळं पाणी थरथरत होतं. नोझल तिच्या ओठांना टेकलं.

धाडकन माझ्या पाठीवर काहीतरी आपटलं. काळ्या मातीचं ढेकूळ! उन्हाळ्यात ते विटेसारखं कडक असतं. नईमा दचकली, नोझल हातातून निसटून तुसात पडलं. दारात मैनाबाई उभी होती, अनवाणी, पदर सुटलेला, छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती.

“थुक! थुक पहिले! थो विषाचा पंप हाय!”

झालं होतं असं. मैनाबाई पडद्यांसाठी गोणपाटं आणायला कोठ्यामागं गेली आणि तिथं माझा भाऊ उलटा पडलेला दिसला. तिनं झाकण उघडून नाकाला लावलं. चुन्याचा वास आला. मग खुंटीवरचा कोणता होता, हे तिला एका क्षणात कळलं आणि पायातल्या चपलांचंही भान राहिलं नाही. भावाला खांद्याला अडकवून हाका मारत आली, पण धापांच्या आवाजात नईमाला काही ऐकू जाईना. मग धुऱ्यावरचं ढेकूळच उचललं.

तिनं नईमाला ओढत टाक्यावर नेलं, मला तिच्या पाठीवरून ओरबाडून लांब फेकलं. साबणानं तिचं तोंड धुतलं, हात धुतले, चुळा भरायला लावल्या. ओढणी काढून टाकली, ओली पाठ धुतली, स्वतःचा पदर तिच्या अंगावर टाकला.

“गोल गोल दिसून राहिलं का? मळमळते का? फुंकलं होतं का, खरं सांग!”

“नाई काकी. फुंकलं नाई. ओठालेच लागलं.” नईमाला रडू फुटलं. “पन माहे पक्षी...” आणि ती उठून शेडकडे निघाली.

मैनाबाईनं तिला दंडाला धरून खाली बसवलं. “बस इथंच! तुले चक्कर आली तं मी कोनाले सांगू? आधी जीव पाह्य आपला.”

“मंग कोन जाईन अंदर?”

मैनाबाईनं शेडच्या दाराकडे बघितलं. तिनं जन्मात कधी मांसमच्छीला हात लावला नव्हता. इतकी वर्षं शेजार, पण शेडच्या आत तिनं पाऊल टाकलं नव्हतं, वासानं तिला उमासे यायचे. तिनं माझ्या भावाला टाक्यावर पुन्हा पुन्हा खंगाळलं, पाणी भरलं, स्वतः घोटभर चाखून बघितलं आणि पंप पाठीवर घेतला.

“सांग, कसं मारू पानी?”

“वरून मार काकी, धुक्यासारखं. डोक्यावर पडू दे. हळू चाल, पक्षी घाबरले तं एकमेकांवर चढतीन. अन् दाराजवळच्या कोपऱ्यातले तसेच राहू दे, त्याईले हात लावू नको.”

मैनाबाई आत गेली. मी धुळीत आडवा पडून ऐकत होतो. दांड्याचा कुरकुर आवाज, तिची खोकल्याची उबळ आणि मधूनच तिचं पक्ष्यांशी बोलणं, “प्या रे बाबांनो, प्या. आला वारा आता.” नईमा बाहेर बसून गोणपाटं भिजवत होती आणि दर थोड्या वेळानं मैनाबाई आतून ओरडत होती, “नईमा, बोल वं!” नईमा म्हणायची, “हाय, काकी.” तेवढं ऐकलं की दांडा पुन्हा चालायचा. ती दुपार संपता संपत नव्हती.

गुलाम नबी बर्फाच्या लाद्या घेऊन आले तेव्हा मैनाबाई चिंब भिजलेली, डोक्यात पिसं अडकलेली, शेडच्या दारात उभी होती. पुष्कळ पक्षी गेले होते, पण त्याहून कितीतरी जास्त वाचले होते. ऊन उतरलं तशी लाईनही आली. पंखे फिरायला लागले तेव्हा मैनाबाई मटकन खाली बसली.

डॉक्टरनं नईमाला तपासलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. मग कुठं सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मात्र कोपऱ्यातल्या ज्या पक्ष्यांवर माझी चिळकांडी उडाली होती, त्यांतले दोन मान टाकून पडले होते. बाकीचे अजून उभे होते. गुलाम नबी दबकत म्हणाले, “नईमा, हे बाकीचे धुऊन घेतले तं? दोन-चार शिंतोडेच तं हायेत.”

नईमा अशी उसळली की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. “कोनाच्या ताटात जातीन हे? माहीत हाय तुमाले? एखाद्या बाळंतिनीले कोनी याचं सूप करून देईन. या कोपऱ्यातला एकबी पक्षी गाडीत चढनार नाई.”

गुलाम नबी कुदळ घेऊन खड्डा खणायला गेले.

दिवेलागणीला खुशालराव लग्नाहून आले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला, पण माणूस ओशाळला की कधीकधी भलतंच बोलून जातो. म्हणाले, “जाऊ दे ना आता. उद्या कापायलेच जानार होते पक्षी.”

झालं! मैनाबाई समोर येऊन उभी राहिली. “कापायले जानार होते, म्हनून तडफून मारायचे? अन् नईमा काय कापायले जानार होती? तिले काई झालं असतं तं? अवो, ज्याले मानूस खाते त्याले त्यानं आधी जपलं पायजे. मी खात नाई, मले समजते. तुमी खाता, तुमाले समजत नाई?”

खुशालरावांनी माझा नवा पट्टा चाचपला. म्हणाले, “पट्टा मीच कापला. चिंधी ध्यानातच आली नाई गा, नबीभाऊ. माफ कर.” गुलाम नबींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मैनाबाईचं मात्र झालेलं नव्हतं. तिनं चुलीत सळई घातली. खुशालराव म्हणाले, “अवं, नवा पट्टा लावला हाय, आनखी दोन हंगाम चालन थो.” ती म्हणाली, “चालन म्हनूनच.” आणि लालबुंद सळई माझ्या पोटात खुपसली. चर्र झालं. दुखलं का विचारता? दुखलं. पण खरं सांगतो, नोझल नईमाच्या ओठांना टेकलं तेव्हा जे झालं होतं, त्यापुढं हे काहीच नव्हतं. आता मला कुणी भरू शकणार नाही, या विचारानं मी सुखावलो. माझी नळी आणि नोझल त्याच खड्ड्यात पक्ष्यांबरोबर पुरली.

नईमानं मला फेकलं नाही. शेडपासून दहा पावलांवर, जिथून वाट वळते त्या खांबावर तिनं मला तारेनं बांधलं. मैनाबाईनं लुगड्याचा नवा काठ फाडून माझ्या भोकातून ओवला. खाली नईमा नव्या माणसाला थांबवते. म्हणते, “पहिले याले पाह्य. मंग हात धू. मंग अंदर ये. अन् पंप आनला असन तं झाकन उघडून वास घे, नुसती चिंधी पाहू नको.”

मित्रांनो, मला शेडमध्ये जायचं होतं, आता मी शेडच्या वाटेवर आहे. नवी पिल्लं येतात तेव्हा त्यांची चिवचिव मला इथून ऐकू येते, आणि मी एवढ्यावर खूश आहे. तुम्ही मांस खात असाल तर खा, नसाल खात तर नका खाऊ. पण ताटात काही आलं की एकदा आठवा, ते कुणीतरी जिवापाड सांभाळलेलं असतं. विषाच्या भांड्याला खूण करा. तरी खुणेवर विसंबू नका, खूण गळून पडते. झाकण उघडा, वास घ्या, विचारा. आणि तुंबलेल्या नोझलला कधी, कधीही तोंड लावू नका. त्या दुपारी मैनाबाईच्या हाताला ढेकूळ लागलं. प्रत्येक वेळी ते लागेलच असं नाही.